दुखत नाही, म्हणूनच दवाखान्यात चला

गेल्या दिवाळीत मी मैत्रिणीबरोबर तिच्या मामांकडे देपालपूरला गेले होते. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. होळकरांच्या काळात माळव्यात आलेली कितीतरी मराठी घरं अजून तिकडे आहेत, मामांचं घर त्यातलंच. घरात मराठीच बोलतात, पण हिंदीत चांगली मुरलेली. पाडव्याच्या दुपारी मामी म्हणाल्या, "इथवर आलीस तर हिंगोट बघूनच जा. असं तुमच्याकडे काही नसतं."

हिंगोट म्हणजे आपल्याकडचं हिंगणबेट. कडक कवचाचं हे फळ आतून कोरून काढतात, वाळवतात आणि त्यात फटाक्याची दारू ठासून भरतात. एक भोक मातीनं लिंपतात, दुसरं वात पेटवायला ठेवतात, आणि दिशा नीट राहावी म्हणून बांबूची काडी बांधतात. झाला हातातला अग्निबाण. देपालपूर तालुक्यातच गौतमपुरा आहे, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचं गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या मैदानात दोन दलं समोरासमोर उभी राहतात. गौतमपुऱ्याचं दल 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजी गावाचं 'कलगी'. वाङ्मय मंडळातल्या कुणाचेही कान टवकारावेत अशीच ही नावं! आपल्या शाहिरीतले कलगीवाले आणि तुरेवाले एकमेकांवर सवाल फेकतात, इथे मात्र जळते हिंगोट फेकतात. एका हातात ढाल, डोक्याला साफा, खांद्याला हिंगोटांनी भरलेली झोळी. अंधार पडेपर्यंत हे चालतं. हार-जीत नसते. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सगळे हजर असतात, तरी दरवर्षी माणसं भाजतात. २०१७ मध्ये तर एका तरुणाचा जीव गेला.

मैत्रिणीचा मामेभाऊ खेळायला नव्हता, आमच्यासारखाच बघायला आला होता. एक हिंगोट वाट चुकून आमच्या बाजूला आलं आणि त्याच्या शर्टाच्या बाहीत अडकलं. बाही नायलॉनची. दोन-तीन सेकंदांचाच खेळ, त्यानं हात झटकला, कुणीतरी बाही फाडली, आणि सगळं संपलं. मनगटाच्या वर तळहाताएवढी जागा भाजली होती. मध्यभाग पांढुरका-करडा, कडेनं लालभडक, त्यावर फोड येऊ लागलेले. रुग्णवाहिका समोर उभी होती. पण तो हसून म्हणाला, "काही नाही झालं. मधे तर दुखतच नाहीये."

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. कारण आम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

तीन थर आणि एक फसवणूक

घरी पोचलो तेव्हा मामींनी आधी टूथपेस्ट लावली. हळदीची वाटी तयार होत होती, इतक्यात शेजारच्या निवृत्त नर्सबाई आल्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. त्यांनी पेस्ट धुऊन काढली, हात नळाखाली धरायला लावला, त्याच्या हातातलं कडं आणि अंगठी साबण लावून उतरवली. मग स्वच्छ बोटानं कडेच्या लाल भागावर हलकंसं दाबलं. तो भाग क्षणभर पांढरा झाला आणि पुन्हा लाल झाला, आणि तो ओरडला. मग मधल्या करड्या भागावर दाबलं. रंग बदलला नाही. तोही ओरडला नाही.

सिस्टर म्हणाल्या, "बेटा, इथे दुखत नाही ना? म्हणूनच दवाखान्यात चला."

परत आल्यावर मी जे वाचलं, डॉक्टरांना जे विचारलं, ते इथे सोपं करून सांगते. त्वचेचे ढोबळमानाने दोन थर. वरची बाह्यत्वचा, कागदासारखी पातळ. तिच्याखाली अंतस्त्वचा, काही ठिकाणी एक मिलिमीटर तर पाठीसारख्या जागी त्याहून बरीच जाड. या अंतस्त्वचेतच सगळा संसार असतो. रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, आणि वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसांची टोकं. तिच्याखाली तिसरा थर चरबीचा.

भाजणं किती खोल, हे यातलं काय शाबूत राहिलं त्यावर ठरतं. फक्त बाह्यत्वचा भाजली, जशी उन्हात तासन्‌तास उभं राहिल्यावर भाजते, तर कातडी लाल होते, झोंबते, पण फोड येत नाहीत. आठवड्याच्या आत साल निघून सगळं पूर्ववत होतं. ही पहिली श्रेणी.

आच अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत गेली की फोड येतात. फोडाखालची जागा ओली, गुलाबी, आणि भयंकर दुखरी असते, कारण नसांची टोकं उघडी पडलेली असतात पण जिवंत असतात. इथे केसांची मुळं शिल्लक असतात आणि नवी त्वचा त्या मुळांतूनच उगवते. दोन-तीन आठवड्यांत जखम भरते, व्रण फारसा राहत नाही. आच आणखी खाली गेली, तर जागा लाल-पांढरी चट्टेरी दिसते, थोडी कोरडी, आणि दुखणं कमी होतं. ही भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात आणि व्रण राहतोच. या दोन्ही दुसऱ्या श्रेणीत येतात, पण त्यांत फार मोठं अंतर आहे.

पूर्ण अंतस्त्वचा जळाली की तिसरी श्रेणी. जागा पांढरी, तपकिरी किंवा काळी, कोरडी, चामड्यासारखी टणक. केस ओढला तर सहज निघून येतो. आणि दुखत नाही. दुखणार कुठून? सांगणारी नसच उरलेली नसते. अशी मोठी जखम स्वतःहून भरू शकत नाही, कारण बी पेरायला जमीनच राहिलेली नसते. फक्त कडेकडून थोडी थोडी आत सरकते. त्याहून खोल, म्हणजे स्नायू किंवा हाडापर्यंत गेलेल्या भाजण्याला काही डॉक्टर चौथी श्रेणी म्हणतात.

म्हणजे आपल्या घरातला हिशोब नेमका उलटा आहे. आपण जो रडतो त्याला दवाखान्यात नेतो आणि जो शांत बसतो त्याला म्हणतो, "हा खूप सोशीक आहे."

भाषेला आधीच माहीत होतं

मामी सारख्या म्हणत होत्या, "हात जळला गं त्याचा." हिंदीच्या सहवासातलं ते जळणं. आपल्याकडे सरपण जळतं, चिता जळते, हात मात्र भाजतो. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला तेव्हा वाटलं, मराठीत या एका गोष्टीसाठी केवढे शब्द आहेत! तव्याला बोट लागलं तर चटका बसतो. गरम चहानं जीभ पोळते. हात भाजतो. उन्हानं पीक होरपळतं. भाकरी करपते. प्रत्येक शब्दात आच किती आणि किती वेळ याचं माप आहे.

आणि ही दोन मापं खरोखरच महत्त्वाची आहेत. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी ती मोजली. ४४ अंश सेल्सियसला त्वचेला इजा व्हायला जवळपास सहा तास लागतात. ६० अंशाला पाचएक सेकंद पुरतात. ७० अंशाला एक सेकंदही नको. कपात ओतलेला ताजा चहा याहून गरम असतो. बाळ मांडीवर घेऊन चहा पिणाऱ्या प्रत्येक आजीला हे सांगायला हवं.

भाजण्याची प्रतवारी आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, बाराव्या अध्यायात चार प्रकार येतात: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. पहिल्यात रंग बदलतो आणि आग होते. दुसऱ्यात फोड येतात आणि तीव्र वेदना असतात. अतिदग्धात मांस लोंबतं, शिरा, सांधे, हाडंसुद्धा सुटत नाहीत. युरोपात फॅब्रिशियस हिल्डानस यानं तीन श्रेण्या मांडल्या त्या १६०७ मध्ये. सुश्रुतांची नजर किती तीक्ष्ण होती याचं कौतुक वाटतं. पण उपचारही तेच करावेत असं नाही. प्लुष्टाला तिथे शेक सांगितला आहे, थंड पाणी नको म्हटलंय, आणि पुढच्या प्रकारांत तुपाचे लेप आहेत. आज आपण नेमकं उलट करतो. वर्णन जुनं चालेल, उपचार मात्र तपासलेलाच घ्यावा.

पाणी, वीस मिनिटं

सिस्टरांनी त्याचा हात नळाखाली धरला तेव्हा भाजून तास उलटून गेला होता. मला वाटलं, आता काय उपयोग? उपयोग होता.

१९५३ मध्ये डग्लस जॅक्सन या इंग्लिश सर्जननी भाजलेल्या जागेचं एक चित्र मांडलं, ते आजही शिकवतात. तीन वर्तुळं कल्पा. मधलं मेलेलं. ते परत येत नाही. सगळ्यात बाहेरचं फक्त लाल झालेलं. ते आपोआप बरं होतं. आणि या दोघांच्या मधे एक वर्तुळ असतं, ज्यातलं रक्त मंदावलंय, पण पेशी अजून मेलेल्या नाहीत. पुढच्या दोन-तीन दिवसांत ते इकडे तरी जातं किंवा तिकडे तरी. सगळा उपचार या मधल्या वर्तुळासाठी असतो.

म्हणून पहिलं औषध म्हणजे वाहतं, साधं, थंड पाणी. सलग वीस मिनिटं. घड्याळ लावून, कारण आपली 'वीस मिनिटं' दोन मिनिटांत संपतात. भाजल्यापासून तीन तासांच्या आत कधीही पाणी घेतलं तरी फायदा होतो. नळ नसेल तर हापशाखाली धरा, तेही नसेल तर बादलीतून तांब्यानं ओता. बर्फ मात्र नको. त्यानं रक्तवाहिन्या आणखी आक्रसतात आणि मधलं वर्तुळ मरतं. मोठ्या भागावर भाजलं असेल किंवा बाळ असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर शरीर गार पडतं.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, कडं, घड्याळ काढा. तासाभरात सूज येते आणि मग तेच कडं हाताला फास होतं. कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढू नका, भोवतीचं कापा. पाणी झाल्यावर जखमेवर स्वच्छ धुतलेलं सुती कापड किंवा स्वयंपाकघरातलं पातळ पारदर्शक प्लास्टिक सैलसं ठेवा. फोड फोडू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, अंड्याचा बलक, कॉफी पावडर यातलं काही नको. यातलं काहीही आच बाहेर काढत नाही, जंतू मात्र आत जाऊ शकतात, आणि डॉक्टरांना जखमेचा खरा रंग दिसत नाही. मामींची पेस्ट धुवायलाच दहा मिनिटं गेली. त्यात पोराचे दोन हुंदके गेले ते वेगळेच.

अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका, धावल्यानं वारा मिळतो. जमिनीवर आडवं पडा आणि लोळा. दुसऱ्याला विझवायचं असेल तर पाणी ओता किंवा जाड सुती चादरीत गुंडाळा. नायलॉनचं काही जवळ आणू नका, ते वितळून कातडीला चिकटतं. फटाक्याच्या दारूनं डोळ्याला इजा झाली तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

किती भाजलं, हे कसं मोजतात

वर्तमानपत्रात वाचतो, 'चाळीस टक्के भाजली'. ही टक्केवारी खोलीची नाही, क्षेत्रफळाची असते. १९५१ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वॉलेस यांनी 'नवाचा नियम' प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाचं डोकं-मान ९ टक्के, एकेक हात ९, एकेक पाय १८, पुढचं धड १८, पाठ १८, आणि जननेंद्रियाचा भाग १. बेरीज शंभर. तान्ह्या बाळाचं डोकं मोठं म्हणून त्याचं १८ टक्के धरतात आणि पाय १४-१४. छोट्या जखमेसाठी आणखी सोपं माप आहे, ज्याला भाजलंय त्याचाच बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का. नुसतं लाल झालेलं या बेरजेत धरत नाहीत.

टक्केवारी का लागते? कारण मोठ्या भाजण्यात माणूस आगीनं नाही, पाण्याच्या अभावानं दगावू शकतो. रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तातलं पाणी ऊतींमध्ये झिरपतं, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात. मोठ्यांत १५ ते २० टक्क्यांवर आणि मुलांत १० टक्क्यांवर भाजलं की शिरेतून सलाईन द्यावंच लागतं. किती द्यायचं, त्याचं एक सूत्र अमेरिकेतल्या डल्लासच्या पार्कलँड रुग्णालयात चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६८ मध्ये दिलं. ४ मिलिलीटर गुणिले वजन गुणिले टक्के. ६० किलोचा माणूस २० टक्के भाजला तर पहिल्या चोवीस तासांत ४८०० मिलिलीटर, म्हणजे जवळजवळ पाच लिटर! त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. आणि हे आठ तास दवाखान्यात पोचल्यापासून नाही, भाजल्यापासून मोजायचे. गौतमपुऱ्याहून इंदूरला जाण्यात, वाहन शोधण्यात, 'सकाळी बघू' म्हणण्यात जे तास जातात ते याच आठातून वजा होतात. सूत्र ही सुरुवात असते, पुढे लघवी किती होते ते तासातासाला बघून सलाईन कमी-जास्त करतात.

पण टक्केवारी कमी आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग किंवा सांध्यावर भाजलं असेल, हाताला वा बोटाला गोल वळसा घालून भाजलं असेल, विजेनं किंवा रसायनानं भाजलं असेल, बंद खोलीतल्या धुरात माणूस सापडून आवाज बसला असेल किंवा नाकातले केस जळाले असतील, रुग्ण लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, तर जखम केवढीही असो, दवाखाना गाठा. आणि अर्थातच, मधला भाग दुखत नसेल तर. आमच्या भावाचं भाजणं जेमतेम एक टक्का होतं. पण मनगटाच्या सांध्याजवळ, आणि मध्यभाग तिसऱ्या श्रेणीचा. तो आयटीआयला फिटर ट्रेड शिकतो. मनगट आखडलं तर हातात कानस कशी धरणार?

दवाखान्यात काय करतात

रात्री इंदूरला डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, वेदनाशामक दिलं आणि पट्टी बांधली. मामांनी विचारलं, "किती खोल आहे?" डॉक्टर म्हणाले, "मधलं खोल आहे हे नक्की. कडेचं आज सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी बघू." मामांना वाटलं डॉक्टर टाळतायत. पण तेच प्रामाणिक उत्तर होतं. नुसत्या नजरेनं खोलीचा अंदाज बांधताना अनुभवी सर्जनसुद्धा साधारण तीनात एकदा चुकतात, कारण ते मधलं वर्तुळ अजून ठरवत असतं, जगायचं की मरायचं. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा कडेचा बराचसा भाग गुलाबी होता. तो वाचला होता. उशिरा का होईना, नळाखालच्या त्या वीस मिनिटांचा त्यात वाटा असणार.

वरवरच्या जखमांना पट्टीच पुरते. पट्टीचं काम जखम ओलसर ठेवणं, जंतू बाहेर ठेवणं आणि काढताना नवी कातडी न ओरबाडणं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. चिकटलेली गॉज काढताना ऐकू येणाऱ्या किंकाळ्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना कळेल. इथे आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी फार सुंदर कामं केलीत. डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून बघितली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी बनवली. पान गुळगुळीत, चिकटत नाही, अलगद सुटतं, आणि खर्च जवळजवळ नाही. ज्या पानावर आपण जेवतो ते जखमेवरही मायेनं वागतं! फक्त एक सांगायला हवं, हा घरगुती उपाय नव्हे. ती पानं आणि साली रुग्णालयात निर्जंतुक करूनच वापरतात.

खोल जखमेत मेलेली कातडी काढावी लागते. पूर्वी ती आपोआप सुटून पडेपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबत, आणि तेवढ्यात जंतुसंसर्गानं माणूस जाई. युगोस्लाव्हियातल्या मारिबोरच्या सर्जन झोरा यांझेकोविच यांनी दाखवून दिलं की पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ पातळ कापत जायचं, खालून ठिबकणारं ताजं रक्त दिसलं की थांबायचं आणि लगेच नवी त्वचा बसवायची. १९७० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरची पद्धत बदलली.

आमच्या भावाचंही तेच केलं. मांडीवरची कागदाएवढी पातळ साल काढून मनगटावर बसवली. गंमत म्हणजे त्याला हात दुखला नाही, मांडी दुखली. "भाजलं हाताला आणि बोंब मांडीची," असं तो फोनवर सांगत होता. आता तुम्हाला कारण कळलं असेल. मांडीची जखम वरवरची, नसा जिवंत! ती दोन आठवड्यांत भरली.

कातडी दान करता येते

पण ज्याचं निम्मं अंग भाजलंय त्याच्या मांडीवरची तरी साल किती घेणार? तेव्हा दुसऱ्याची त्वचा लागते. ती कायमची रुजत नाही, शरीर काही आठवड्यांनी ती नाकारतं. पण तेवढे आठवडे ती जखमेला झाकते, पाणी गळू देत नाही, जंतू आत येऊ देत नाही. जिवंत माणसानं विणलेली पट्टीच म्हणा. शीवच्या त्याच रुग्णालयात डॉ. गोरे यांच्या पुढाकारानं २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. इंदूरमध्येही आता त्वचापेढी आहे.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून अगदी पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. रक्त वाहत नाही, चेहरा-हात तसेच राहतात, कपडे घातल्यावर काही कळतही नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा काही वर्षं टिकते.

घरी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "अंतिम दिवशी उठायचंय ना आपल्याला? अर्ध्या कातडीनं कशी उठू?" प्रश्न भोळा आहे, पण आपल्या बऱ्याच कॅथलिक घरांत तो आहे. मी तिला सांगितलं की आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच मृत्यूनंतरच्या अवयवदानाला उदात्त कृत्य म्हटलंय. आणि पुनरुत्थान ज्याच्या हातात आहे त्याला मांडीवरच्या पातळ सालीची अडचण कशी होईल? ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिनंच विचारलं, "तो फॉर्म कुठे मिळतो?"

जखम भरल्यावर

जखम भरली म्हणजे संपलं, असं आम्हाला वाटलं होतं. खरं तर निम्मं काम तिथून पुढे असतं. व्रण वर्षभर किंवा जास्तच वाढत, आक्रसत राहतो. सांध्यावर असेल तर तो सांधा ओढून वाकवून टाकतो. म्हणून रात्री फळी बांधून मनगट सरळ ठेवायचं, दिवसा व्यायाम करायचा, आणि व्रण दाबून ठेवणारा घट्ट मोजा अंघोळीची वेळ सोडून दिवसभर घालायचा, कित्येक महिने. नव्या कातडीला घामाच्या नि तेलाच्या ग्रंथी नसतात, म्हणून तेल चोळायचं, ऊन टाळायचं. खाज येते, झोप उडते. शरीराला जास्त प्रथिनं लागतात, म्हणून डाळ, दूध, अंडी. 'भाजलेल्याला अंडं देऊ नये' हे मामींनी कुठूनतरी ऐकलेलं, ते सिस्टरांनी धुडकावलं.

त्यानं मोजा घालायचा कंटाळा केला की मामी फोनवर आम्हाला तक्रार सांगायच्या. आम्ही त्याला रागवायचो. तीन-चार महिन्यांनी त्यानं एक फोटो पाठवला, वाईसमध्ये लोखंडाचा तुकडा आणि त्यावर कानस धरलेला हात. मनगट थोडं कमी वाकतं, पण वाकतं. खाली लिहिलं होतं, 'यंदा पण हिंगोट बघायला जाणार. सुती शर्ट घालून.' त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. परंपरा कुणाची, धोका कुणाचा, यावर देपालपुरात माझ्यापेक्षा जाणते लोक भांडत आहेत. मी एवढंच लिहिलं, 'रुग्णवाहिका कुठे उभी असते ते आधी बघून ठेव.'

दिवाळीच्याच आसपास २ नोव्हेंबर येतो, आपला मृतांचा दिवस. संध्याकाळी दफनभूमीत प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या, आणि त्यांच्यामधून नव्या नायलॉनच्या फ्रॉक घालून पळणारी पोरं. लहानपणी माझ्याही बोटांवर मेण पडलंय. आईनं तेव्हा फुंकर घातली होती. यंदा आमच्या युवा गटानं ठरवलंय, दफनभूमीच्या नळाजवळ भरलेली बादली आणि तांब्या ठेवायचा, आणि शेजारी एक कागद चिकटवायचा. त्यावर तीनच ओळी असतील. वीस मिनिटं पाणी. वर काही लावू नका. आणि दुखत नसेल, तर दवाखान्यात चला.